चोपड्यात स्पेअर पार्टचं दुकान, आणि गिऱ्हाईक मोबाईलवर भाव दाखवतं

तापीकाठ (चोपडा)

मंडळी, कार आणि पिकअपच्या स्पेअरचं दुकान आहे. माल साधारण ११ लाखांचा. गाड्या बहुतेक मारुती, बोलेरो पिकअप, टाटा एस आणि थोड्या ह्युंदाई. निम्मं गिऱ्हाईक गॅरेजमार्फत येतं, निम्मं थेट. जीएसटीमध्ये कंपोझिशन घेतलेलं आहे, म्हणजे विक्रीवर ठराविक टक्का कर भरायचा, खरेदीवरच्या कराची वजावट नाही.

अडचण सगळ्यांना माहीतच आहे. गिऱ्हाईक काउंटरवर येतं, भाव विचारतं, मोबाईल काढतं आणि म्हणतं, "इथं तर अडीचशे कमी दिसतंय." काही वेळा तो ऑनलाइनचा भाव आमच्या खरेदीपेक्षाही खाली असतो. मग तोच माणूस चार दिवसांनी चुकीचा पार्ट घेऊन येतो आणि बदलून मागतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कोणता माल ठेवावा आणि कोणता सरळ सोडून द्यावा? भाव कुठे तोडावा, कुठे अजिबात तोडू नये? आणि कंपोझिशनमधून बाहेर पडण्यात फायदा आहे का? "सेवा चांगली द्या" एवढंच सांगणार असाल तर कृपया राहू द्या, काय करायचं ते नेमकं सांगा.

---

काउंटर_धुळे

आधी मालाची वाटणी करा. सगळ्या मालावर सारखा नफा लावायची पद्धत आता चालणार नाही.

ज्या वस्तूंचा भाव गिऱ्हाइकाला पाठ असतो त्यात कमवायला जाऊ नका. इंजिन ऑइलचा डबा, वायपर, बॅटरी, हेडलाइटचा एच४ बल्ब, हॉर्न हे त्यातले. तुमचं दुकान महाग की स्वस्त हे लोक याच पाच-सात वस्तूंवरून ठरवतात. ऑनलाइनचा भाव आठवड्यातून एकदा बघा आणि ५० रुपयांच्या फरकात राहा. मोबाईल होल्डर, सीट कव्हर, एलईडीची पट्टी, परफ्यूम हे सोडूनच द्या. हलका माल, कुठल्याही गाडीला चालतो, चुकला तरी गाडी थांबत नाही. तिथे तुम्ही हरणारच.

गाडी उभी करणारा माल मात्र कधीही संपू देऊ नका. क्लच केबल, फॅन बेल्ट, वॉटर पंप, रेडिएटरचे वरचे-खालचे होज, फ्युएल पंप, व्हील सिलिंडर, चाकाचं बेअरिंग, अ‍ॅक्सलचं ऑइल सील, अल्टरनेटरचा रेग्युलेटर. रावेर-यावलकडची केळीची पिकअप भरलेली असताना पाट्याचा (मागच्या स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटला, तर कोणी "गुरुवारपर्यंत डिलिव्हरी" बघत बसत नाही. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट ही सर्वात स्वस्त वस्तू, आणि नेमकी तीच बऱ्याच दुकानांत संपलेली असते.

किती नग ठेवायचे याचा हिशोब साधा आहे. माल मागवल्यापासून हातात येईपर्यंत जेवढे नग जातात, त्यात एक मिळवायचा. आठवड्याला दोन जाणारी वस्तू जळगावहून दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने येत असेल तर दोन नग पुरेत. तीच मुंबईहून आठ-दहा दिवसांनी येत असेल तर चार. बहुतेक दुकानांत उलटं दिसतं: जळगावला सहज मिळणारा माल दहा-दहा नग, आणि लांबून येणारा शून्य.

हंगाम धरा. रेडिएटर फॅनची मोटर, कुलंट, थर्मोस्टॅट, एसीचं सामान फेब्रुवारी संपायच्या आत भरलं पाहिजे. ४४-४५ अंशांत मागणी सुरू झाली की जळगावलाही माल मिळत नाही आणि वरचा (घाऊक) व्यापारी सूट काढून घेतो. ब्रेक शू आणि वायपर मे अखेरीस.

आणि रबरी माल पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बेल्ट, बुश, ऑइल सील तिथेच कडक होतात. मग दिसायला नवा दिलेला माल सहा महिन्यांत परत येतो आणि नाव ब्रँडचं खराब होतं. बेल्ट खिळ्याला टांगायचे नाहीत, आडवे ठेवायचे.

---

गॅरेजवाला_भुसावळ

गॅरेजच्या बाजूने लिहितो. आम्हाला ५० रुपये कमी नको असतात, पहिल्या फटक्यात बरोबर बसणारा पार्ट हवा असतो. रॅम्पवर गाडी उघडी पडली आणि पार्ट चुकला की दिवसाची दोन कामं जातात.

ऑनलाइनवाला गिऱ्हाइकाला गाडीचं मॉडेल आणि वर्ष विचारतो. पुष्कळ पार्टला तेवढं पुरत नाही. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत क्लच प्लेटचा व्यास किंवा मधल्या स्प्लाइनचे दाते वेगळे निघतात. ब्रेक पॅड, त्याला दाबणारा कॅलिपर कोणत्या बनावटीचा आहे त्यावर बदलतो. तुम्ही काउंटरवर एक व्हर्नियर कॅलिपर (जाडी-व्यास मोजायचं साधन) ठेवा आणि १७ अक्षरी चेसी नंबर लिहून घेतल्याशिवाय क्लच, ब्रेक, स्टिअरिंग आणि सेन्सरचं सामान देऊ नका. आरसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला तरी काम होतं. गाडी नंबरासमोर काय बसलं ते वहीत राहिलं की पुढच्या वेळी गिऱ्हाइकाने नुसता नंबर सांगायचा.

मोजून द्यायच्या वस्तूंची काही उदाहरणं:

बेल्टवर ६पीके१०५० असं छापलेलं असतं. सहा धारा, लांबी १०५० मिलिमीटर. जुना बेल्ट ताणलेला असतो, त्यामुळे टेपने मोजून घेतला तर चुकतं. छापलेला आकडा वाचा. पुसला असेल तर चेसी नंबरवरून काढा.

चाकाच्या बेअरिंगमध्ये एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकी रिंग असेल तर ती एकाच बाजूला असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटी बसली की एबीएसचा दिवा लागतो, आणि बेअरिंग काढताना खराब होतं म्हणजे गेलंच. दुकानात लोखंडी टाचणी लावून कोणती बाजू चिकटते ते दाखवायचं आणि त्या बाजूला मार्करने खूण करून द्यायची. एवढी एक खूण ऑनलाइनचा खोका करून देत नाही.

रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाब लिहिलेला असतो. कमी दाबाचं लावलं की पाणी लवकर उकळून बाहेर येतं, आणि गिऱ्हाईक इंजिनचं हेड गॅसकेट गेलं समजून घाबरतं. कुलंट विकताना हेही सांगा की बोअरच्या पाण्यात मिसळू नका. आपल्याकडचं पाणी जड आहे, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतो. तयार मिसळलेलं कुलंट विका, किंवा डब्यासोबत डिस्टिल्ड वॉटर द्या. बिल आपोआप वाढतं आणि गाडीचंही भलं होतं.

ब्रेक डिस्कच्या कडेला किंवा बेलवर (मधल्या उंच भागावर) कमीत कमी जाडी कोरलेली असते. नवे पॅड घेणाऱ्याला डिस्कची जाडी मोजायला लावा. डिस्क त्याखाली गेली असेल तर नुसते पॅड टाकून उपयोग नाही.

गिऱ्हाइकाने ऑनलाइन आणलेला पार्ट आम्ही बसवतो, पण मजुरीच्या पावतीवर "पार्ट गिऱ्हाइकाचा, गॅरंटी फक्त कामाची" असं लिहितो. चुकला तर खोलायची मजुरी पुन्हा. क्लचसाठी गिअरबॉक्स दोनदा उतरवावा लागला की वाचलेले अडीचशे कुठे गेले ते ज्याचं त्याला कळतं. हा नियम तुमच्या गावातल्या चार-पाच गॅरेजवाल्यांनी एकत्र लावला तरच टिकतो. एकट्याने लावला तर गिऱ्हाईक शेजारी जातं.

शेवटचं: ओरिजनल पार्टचे रिकामे खोके आणि ऑइलचे डबे भंगारात अखंड देऊ नका, आम्हीही देत नाही. खोका फाडायचा, होलोग्राम खरवडायचा, डब्याला भोक पाडायचं. डुप्लिकेटवाल्याला तोच खोका लागतो.

---

पिकअप_रावेर

गिऱ्हाईक म्हणून थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

तुमनं म्हननं खरं शे, पण लोक ऑनलाइनकडे फक्त भावासाठी गेले नाहीत. दुकानात पक्कं बिल मागितलं की चेहरा पडतो. खोक्यावर एमआरपी असते तरी भाव माणूस बघून सांगितला जातो. आणि सर्वात मोठं दुखणं म्हणजे मेकॅनिकचं कमिशन. मेकॅनिकसोबत गेलं की एक भाव, एकटं गेलं की दुसरा. हे आता सगळ्यांना कळलंय. ऑनलाइनला निदान सगळ्यांना एकच आकडा दिसतो.

दुकान टिकावं असं आम्हालाही वाटतं, कारण रात्री अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर गाडी बंद पडली तर फोन तुम्हालाच लावणार. त्यासाठी एवढं करा: भाव फोनवर सांगा, बिल न मागता द्या, आणि माल नसेल तर "उद्या दुपारी येईल" किंवा "येणार नाही" यातलं एक स्पष्ट सांगा. "बघतो, करतो" यात आमची खेप जाते.

इतर गिऱ्हाइकांसाठी पण सांगतो. तुलना करताना खोक्यावरचा नाही, गाडीत बसून चालू झालेल्या पार्टचा भाव काढा. समजा क्लच सेट ऑनलाइन ४,२०० आणि दुकानात ४,६०० आहे. तीन दिवस पिकअप उभी राहिली तर भाडं किती बुडालं ते त्या ४,२०० मध्ये मिळवा. घरची कार असेल, घाई नसेल, नंबर पक्का माहीत असेल, तर ऑनलाइन घ्या, त्यात पाप नाही. पण दुकानात येऊन अर्धा तास माहिती घ्यायची, पार्ट नंबरचा फोटो काढायचा आणि मागवायचं दुसरीकडून, हे बरं नाही.

---

खातेवही (अमळनेर)

कंपोझिशनच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे. आधी बऱ्याच मालावर २८ होता. ट्रॅक्टरचे ठराविक भाग आणि ट्रॅक्टरचे टायर तर १८ वरून ५ वर आले. म्हणजे तुमची खरेदी खाली आली असली पाहिजे. जुन्या छापील एमआरपीचा माल अजून त्याच भावाने विकत असाल, तर ऑनलाइनवाला स्वस्त दिसण्याचं अर्धं कारण तेच. कंपोझिशनवाल्याला अडचण अशी की २८ टक्क्यांनी घेतलेल्या मालाचा कर त्याच्या किमतीत कायमचा शिरला, वजावट नाही. तो माल नफा न बघता आधी संपवा.

आता उदाहरण घ्या. वस्तू १,००० अधिक कर १८०, म्हणजे १,१८० ला आली आणि सगळं धरून १,४१६ ला विकली.

कंपोझिशनमध्ये विक्रीवर १ टक्का, म्हणजे १४ रुपये स्वतःच्या खिशातून. हातात राहतात साधारण २२२.

नेहमीच्या नोंदणीत १,४१६ मधले २१६ कर. त्यातून खरेदीचे १८० वजा करून ३६ भरायचे. हातात राहतात २००.

म्हणजे घरगुती गिऱ्हाइकाला विकताना कंपोझिशन २२ रुपयांनी बरी. पण हाच पार्ट जिनिंग किंवा पाइप कारखान्याच्या मालवाहू गाडीसाठी गेला, तर नेहमीच्या बिलावर त्यांना २१६ परत मिळतात आणि तो त्यांना १,२०० ला पडतो. तुमच्या कंपोझिशनच्या बिलावर पूर्ण १,४१६. अशी गिऱ्हाइकं तुमच्याकडे का येत नाहीत याचं कारण इथे आहे. केळीच्या व्यापाऱ्याला मात्र फरक पडत नाही. ताजी केळी करमुक्त, त्यामुळे त्याला वजावट मिळतच नाही. घरच्या कारसाठी घेणाऱ्यालाही नाही.

म्हणून आधी वर्षभरात कारखाने आणि कंपन्यांना किती माल जाऊ शकतो त्याचा अंदाज काढा. चोपड्यात तो थोडाच असेल तर आहे तिथेच राहा. बाहेर पडायचं ठरलं तर सीएमपी-०४ हा फॉर्म भरा. त्यानंतर ३० दिवसांत आयटीसी-०१ फॉर्म भरून शिल्लक मालावरचा कर मागता येतो, पण खरेदीचं बिल वर्षाच्या आतलं हवं, आणि मागणी २ लाखांवर गेली तर सीएचं प्रमाणपत्र लागतं. ११ लाखांतला समजा ६ लाखांचा माल, कर सोडून, या वर्षातला असेल आणि तो १८ टक्क्यांचा असेल, तर १ लाख ८ हजार मिळतील. बिलं नीट लावलेली नसतील तर हे पैसे गेले.

एक गैरसमज फार पसरलाय. उद्यम (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी केली की ४५ दिवसांत पैसे देण्याचा आयकराचा नियम आपल्या उधारीला लागू होतो, असं व्यापारी समजतात. तो नियम उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. नुसत्या खरेदी-विक्रीला नाही. उधारी तुम्हालाच वसूल करायची आहे.

---

सातपुडा_शहादा

ऑनलाइन स्वतः विकण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. चालू माल तिथे टाकण्यात अर्थ नाही, कमिशन, कुरिअर आणि परतीचा खर्च धरला की उरत नाही. पण माळ्यावर पडलेला जुन्या गाड्यांचा माल, म्हणजे मारुती ८००, इंडिका, मॅटिझ, एस्टीम यांचे पार्ट, तुमच्या गावात मेले असले तरी पुण्या-मुंबईत कोणीतरी शोधत असतो. तेवढाच टाका. पार्ट नंबर, पॅकिंगचा महिना आणि खऱ्या वस्तूचा फोटो. बंपर, काच, सायलेन्सर टाकू नका, वाटेत फुटतात आणि कुरिअर आकारमानावर पैसे लावतो.

कंपोझिशनवाल्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन मंचावर वस्तू विकता येतात, पण फक्त राज्यातल्या राज्यात. सुरत-इंदूर जवळ असलं तरी चालणार नाही. मंच तुमच्या पैशातून ०.५ टक्के टीसीएस (विक्रीवर आधीच कापून सरकारला भरायचा कर) कापतो, ते खात्यात दिसतं का बघत राहा.

---

तापीकाठ

सगळ्यांचे आभार, खातेवहींचा हिशोब तर छापून काउंटरला लावतो. कंपोझिशनमध्येच राहीन असं दिसतंय.

दोन प्रश्न उरले. कमिशनचं पिकअपवाले बरोबर बोलले, पण ते बंद केलं तर मेकॅनिक दुसऱ्या दुकानात जातील. आणि कंपनीची वॉरंटी असलेला पार्ट बिघडला की गिऱ्हाईक लगेच नवा मागतं, कंपनीकडून मात्र बदली यायला महिना लागतो. ते पैसे कसे अडकू द्यायचे नाहीत?

---

काउंटर_धुळे

कमिशन एकदम बंद करू नका, त्याचं रूप बदला. गिऱ्हाइकाला सगळीकडे एकच भाव. गॅरेजला वेगळा नेट भाव, आणि तो गॅरेजच्या नावाच्या बिलावर. गॅरेजवाला पुढे गिऱ्हाइकाला एमआरपीच्या आत जो लावायचा तो उघड लावेल, ती त्याची कमाई, तुमच्या भावात लपलेली नाही. नेट भाव फक्त महिनाअखेर खातं चुकवणाऱ्याला. उधारी ३० दिवसांवर गेली की पुढचा माल साध्या भावाने. याला जो मेकॅनिक नाही म्हणतो, त्याची उधारी एकदा तपासा. बहुधा तुमचेच पैसे घेऊन तो दुसऱ्या दुकानात जातोय.

गॅरेजवाला_भुसावळ

मला हे चालेल. अट एकच, चुकलेला पार्ट न बसवलेला, खोक्यासकट सात दिवसांत परत घ्यायचा. इलेक्ट्रिकचा माल, सेन्सर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), रिले एकदा जोडला की परत नाही. हे काउंटरवर मोठ्या अक्षरांत लिहा, आम्ही पाळू.

काउंटर_धुळे

वॉरंटीसाठी एक वेगळी वही ठेवा: बिल नंबर, चेसी नंबर, बसवल्याची तारीख आणि किलोमीटर, बिघाड काय, वरच्या व्यापाऱ्याकडे कधी पाठवला. शॉकअप, क्लच, अल्टरनेटर, बॅटरी यांची कार्डं विकतानाच शिक्का मारून भरा. नंतर भरलेलं कार्ड कंपनीचा माणूस लगेच ओळखतो. क्लच जळून आलाय की पॅकिंगमधूनच खराब होता हे बघा. प्लेट निळी पडली असेल आणि वास येत असेल तर तो चालवण्याचा किंवा जुन्या फ्लायव्हीलचा दोष, क्लेम होणार नाही. तो घ्यायचाच नाही.

बॅटरीला लगेच नवी देऊ नका. चार्ज करून लोड टेस्ट करा, तोवर वापरायला एक सर्व्हिस बॅटरी द्या. दुकानात अशा दोन ठेवल्या की पुरतं. बाकी मालात वरच्या व्यापाऱ्याशी आधीच ठरवा की जाग्यावर बदली कोण देणार. जो ब्रँड १५ दिवसांत निकाल देत नाही त्याचा माल दोन नगांवर आणा. जळगावच्या व्यापाऱ्याला हे सांगायला लाजू नका, तुमच्यासारखी पन्नास दुकानं गेली तर त्याचा माल घ्यायला कोणी उरत नाही.

पिकअप_रावेर

आणि त्या काउंटरवरच्या पाटीवर रात्रीचा फोन नंबर पण टाका. रात्री दुकान उघडायचे शंभर-दोनशे जादा घेतले तरी कोणी बोलणार नाही, फक्त आधी सांगा.